कडी कुठल्या बाजूनं

“एक कांदा द्या बरं कुणीतरी,” वसुधाताई म्हणाल्या आणि मारुतीच्या देवळातला सगळा मंडप हसला.

कांदा मागायचा, तोही आमच्या सावरडोहात! त्या साली भाव असे पडले होते की घरोघरच्या ओसरीवर कांद्याचे ढीग कुजत होते. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष तात्या खाडे यांनी समोरच्या घराकडे बघून नुसता हात केला, तर पाटीभर कांदे आले. वसुधाताईंनी त्यातला एक उचलला, पदराला पुसला आणि सुरीने मधोमध कापला.

“भांडण हे असं असतं,” त्या म्हणाल्या. “वरची साल म्हणजे माणूस तोंडानं जे मागतो ते. आतला पापुद्रा म्हणजे त्याला खरोखर जे हवं असतं ते. आणि हा गाभा म्हणजे त्याची गरज. आपण सालीवर भांडतो आणि सालीवरच मिटवतो. म्हणून पुढच्या वर्षी तेच भांडण पुन्हा उगवतं.”

त्या पुण्याच्या एका संस्थेतून आल्या होत्या. गावोगावचे तंटे कसे समजून घ्यायचे आणि कायमचे कसे मिटवायचे, हे शिकवायचं त्यांचं काम. भिंतीवर त्यांनी मोठा पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर एकात एक असे तीन गोल काढले होते. मी बायकांच्या घोळक्यात खांबाला टेकून बसले होते. कापलेल्या कांद्याने पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींच्या डोळ्यांना पाणी आलं, त्यामुळे माझ्या डोळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

कारण त्या दिवशी जे भांडण कापायचं होतं, ते आमचं होतं.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं, हौसाक्काचं. तंटामुक्त गाव व्हायचं वारं तेव्हा जिल्ह्यात जोरात होतं. शेजारच्या गावाच्या वेशीवर पाटी लागली होती आणि आमच्या गावाला ती डोळ्यांत खुपत होती. बांधाची भांडणं मिटली, पाटाच्या पाण्याची मिटली, खाड्यांच्या दोन भावांनी तर एकमेकांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. राहिलं होतं ते एकच, बोराट्यांच्या दोन जावांचं मधलं दार.

मूळ घर एकच. वाटणीत ते उभं चिरलं गेलं, तेव्हा सासऱ्यांनी माझं स्वयंपाकघर आणि हौसाक्काची मागची खोली यांच्यामध्ये एक दार ठेवायला लावलं होतं. भाऊ वेगळे झाले तरी चुली बोलत्या राहाव्यात, असं ते म्हणायचे. सासरे गेले, थोरले दीर गेले, हौसाक्काचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. ती एकटी राहिली. आणि मग एके दिवशी आमच्या मालकांनी ते दार विटांनी बुजवून टाकलं.

तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. हौसाक्का मात्र हटून बसली होती. तिचा अर्ज आधी ग्रामपंचायतीत, मग समितीकडे, मग तहसीलदारांकडे. “माझं वहिवाटीचं दार उघडून द्या.” आधी लोकांना वाटलं, आमच्या परसातल्या आडाच्या पाण्यासाठी तिला दार पाहिजे. मग तिच्या दारात नळ आला. तरी अर्ज सुरूच. “सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हातारीचा,” असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचे. पाणवठ्यावर, दळणाच्या रांगेत, माहेरी, सगळीकडे मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे.

दार का बुजवलं, हे फक्त तीन माणसांना ठाऊक होतं. मालकांना, मला आणि हौसाक्काला.

मालक दारूला शिवत नव्हते. तंबाखूसुद्धा नाही. गावात त्यांचा शब्द चाले, समितीत ते होते, भांडणाऱ्यांच्या मधे उभे राहून “आरं, शांततेत घ्या” म्हणायचे. हात उचलायचे ते घरात आणि माझ्यावर. त्या दुपारी मी माहेरून एक दिवस उशिरा आले होते, एवढंच निमित्त. हातात बैलाचा कासरा होता. मी चुलीपुढे पडले होते, तेवढ्यात मधल्या दारातून हौसाक्का आली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

“भावजी, हात खाली,” ती म्हणाली.

त्यांचा हात खाली आलाही. पण मला काय झालं कोण जाणे. मार खाताना जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी तिनं मला तशी पाहिली त्याची वाटली. विस्कटलेली, पदर नसलेली, राखेत लोळलेली. मी ओरडले, “आक्का, आमच्या चुलीत नाक खुपसू नका! निघा आधी!”

दुसऱ्या दिवशी मालकांनी गवंडी बोलावला. चुन्याची घमेली मीच उचलून दिली.

म्हणून त्या दिवशी देवळात माझा जीव टांगणीला लागला होता. वसुधाताई खोदून खोदून विचारणाऱ्या बाई. हौसाक्कानं तोंड उघडलं की गावासमोर माझं राखेतलं रूप उभं राहणार. त्यातून माझ्या मनीषाची सोयरीक ठरायच्या बेतात होती. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईची पोर म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील? बाप कसा, हे कुणी विचारत नाही. “आईनंच काहीतरी केलं असंल,” असंच म्हणतात.

सकाळी इस्त्रीचा सदरा घालता घालता मालक म्हणाले होते, “ती काय बरळायला लागली, तर तू म्हण, म्हातारीला भास हुत्यात. एकटी ऱ्हाती, डोक्यावर परिणाम झालाय म्हणावं.”

“व्हय,” मी म्हणाले.

ते वाक्य मी देवळापर्यंतच्या वाटेवर मनात घोळवत आले. त्यांना भास होतात. त्यांना भास होतात. शाळेतल्या पोरीनं कविता पाठ करावी तशी.

“हौसामावशी, तुम्ही पुढे या,” वसुधाताईंनी बोलावलं.

हौसाक्का उठली. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हातात एक-एक बांगडी. ती कागदासमोर जाऊन उभी राहिली आणि त्या तीन गोलांकडे बघत राहिली.

“सांगा, तुमचं म्हणणं काय?”

“दार उघडावं.”

वसुधाताईंनी बाहेरच्या गोलात लिहिलं. “बरं. आणि तुम्हाला हवं काय आहे?”

“दार.”

“ते झालं. त्याच्या आत काय आहे?”

“आत बी दारच हाय, बाई.”

मंडपात हशा पिकला. “ह्या कांद्यात नुसती सालच हाय!” तात्या म्हणाले आणि मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले. वसुधाताई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मावशी, दार पाण्यासाठी हवंय?”

“पाणी दारात हाय.”

“जायला-यायला?”

“वाट म्होरनं हाय की चांगली.”

“मग रोज त्या दारातून तुम्हाला काय लागतं?”

हौसाक्कानं मान वळवली आणि सगळ्या घोळक्यातून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. एवढ्या बायकांच्या मधे मी गुडघे उचलून अर्धी उठलेही. मालकांचा पाय खालच्या फरशीवर टकटक करत होता, तो मला बसल्या जागेवरून दिसत होता. ती एक शब्द बोलली असती, तर मी तिला गावासमोर वेडी ठरवणार होते. मला जिनं वाचवलं, तिलाच. आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं. माझी खात्री आहे, दिसलंच. कारण तिनं डोळे खाली घेतले, जसं कुणी दुसऱ्याची उघडी पडलेली पाठ बघून डोळे वळवतं तसे.

“एकटीला घर खायाला उठतंय, बाई,” ती वसुधाताईंना म्हणाली. “दार असलं म्हंजे पलीकडनं भांड्यांचा आवाज येतो. माणसाचा आवाज येतो. एवढंच.”

वसुधाताईंचा चेहरा उजळला. आतल्या गोलात त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सोबत’. बायका चुकचुकल्या. माझ्या शेजारची म्हणाली, “बग गं शालन, बिचारीला सोबत पायजे हुती, आन् आपण काय काय बोललो.”

मी अर्धी उठले होते ती खाली बसले.

“आणि दार बंद झालं त्या दिवशी काय झालं होतं?” वसुधाताईंनी विचारलंच. “राग कशाचा आला, ते मोकळं झाल्याशिवाय शांतता टिकत नाही.”

टकटक थांबली.

“चूक माझीच हुती,” हौसाक्का म्हणाली. “मी हिच्या चुलीत नाक खुपसलं. हिचा संसार, हिची चूल. हिला राग आला. कुणाला बी येईल.”

माझेच शब्द. इतकी वर्षं तिनं ते जपून ठेवले होते आणि आता स्वतःवर ओढून घेऊन मला झाकत होती. टाळ्या झाल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. अशी लाज मला त्या राखेतही वाटली नव्हती.

मग मालक उठले. हात जोडून म्हणाले, “वहिनी थोरल्या, आईच्या जागी. झालं गेलं गंगेला मिळालं. आमाला काय दार जड न्हाई. आत्ताच्या आत्ता पाहुण्यांच्या समक्ष उघडतो!” गाव खूश. तात्यांनी तर त्यांना मिठीच मारली.

“आता दोघी जावांनी एकमेकींना हळदीकुंकू लावा, म्हंजे फोटो काढता येतील,” तात्या उत्साहात म्हणाले. कुंकवाचा करंडा घेऊन कुणीतरी पुढेही आलं आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. तात्यांनी जीभ चावली.

हौसाक्काच म्हणाली, “आवो, पेढा आणा की. पेढ्याला कुणाचं वावडं न्हाई.”

तिनं मला पेढा भरवला. मी तिला भरवला. फोटो निघाला. तो संस्थेच्या अहवालात पुढे छापून आला होता. त्यात मी तोंड वर केलेलं नाही.

देवळातून निघालेली मिरवणूकच आमच्या घरी आली. गवंडी महिपती पहार घेऊन हजर होता. दार त्यानंच बुजवलं होतं, त्यामुळे कुठं घाव घालायचा हे त्याला पक्कं माहीत. स्वयंपाकघरात मावतील तेवढी माणसं मावली, बाकीची परसात. हौसाक्का तिच्या बाजूला गेली. वरच्या विटा पडल्या, मग मधल्या. धूळ बसली आणि भगदाडातून पलीकडची खोली दिसली.

ती हौसाक्काची अडगळीची खोली. कणग्या, रिकामी पोती, जुना पाटा, न लागणारं सामान. तिथं कुणी झोपत नाही. तिचा पुढचा सोपा चांगला हवेशीर, मुलानं घेऊन दिलेला टीव्हीही तिथंच. पण भगदाडातून मला पहिली दिसली ती तिची बाज. बुजवलेल्या दाराला चिकटून लावलेली. अंथरुणाची वळकटी, उशाला पाण्याचा तांब्या, भिंतीला टेकवलेली काठी. भिंतीचा तेवढाच भाग डोक्याच्या तेलानं काळा झाला होता.

“मावशी, इथे झोपता तुम्ही?” वसुधाताई वाकून बघत म्हणाल्या. “किती कोंदट आहे!”

“हितं झोप बरी लागती,” हौसाक्का म्हणाली.

माणसं चहाला बाहेर वळली. मालक गवंड्याला काहीतरी सांगत होते. मी विटा गोळा करायला वाकले, पलीकडून तीही वाकली. इतक्या वर्षांनी आमची डोकी हातभर अंतरावर आली.

“आक्का,” मी म्हणाले.

ती वीट झटकत हळूच म्हणाली, “ऐकायला समदं यायचं गं शालन. पर यायला वाट न्हवती.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी नाही, रस्ता नाही, सोबतही नाही. ग्रामपंचायत, समिती, तहसील, सगळीकडे ही बाई एकच गोष्ट मागत फिरली होती, की मला मार बसत असताना तिला आत येता यावं. म्होरनं वाट होती, पण पुढच्या दाराला मालक आधी कडी घालायचे. प्रत्येक वेळी ती पलीकडे बाजेवर उठून बसली असणार, काठी हातात घेऊन, भिंतीला डोकं लावून. आणि सकाळी मी दळणाच्या रांगेत म्हणायचे, म्हातारीचा पीळ जात नाही.

मी हातातली वीट खाली ठेवली. मला रडायलाही लाज वाटत होती.

गोठ्यात पडलेलं जुनं दार महिपतीनं आणून चौकटीत बसवलं. बिजागरीला तेल घातलं. जुनी कडी गंजून तुटली होती, म्हणून त्यानं पिशवीतून नवी काढली. चहा संपवून सगळी मंडळी पुन्हा आत आली होती. वसुधाताई, तात्या, फोटोवाला.

“मालक, कडी कुठल्या बाजूनं मारू?” महिपतीनं विचारलं.

“आपल्या,” मालक म्हणाले. “पैल्यापासनं आपल्याच बाजूनं हुती. सैपाकघराचं दार हाय, आतनंच पायजे कडी.”

महिपतीनं कडी आमच्या बाजूच्या फळीवर धरली, स्क्रू तोंडात धरला.

“न्हाई,” मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही. सगळे वळले.

“कडी आक्कांच्या बाजूनं लावा. ह्या बाजूनं काईच नको.”

“आगं, असं कुठं असतंय व्हय?” मालक हसत म्हणाले. पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. “आपलं घर, आन् कडी दुसऱ्याच्या हातात?”

“आईच्या जागी हैत्या म्हणालासा न्हवं देवळात?” मी म्हणाले. “आईला कुणी कडी लावतं का?”

तात्या “वा!” म्हणाले. वसुधाताईंनी तर टाळ्याच वाजवल्या. “हाच तो विश्वास,” त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. “सामंजस्यानं स्वतःहून पुढे टाकलेलं पाऊल. शांतता अशी टिकते.” त्या चांगल्या बाई होत्या. पण कांदा त्यांनी नीट सोलला होता आणि गाभा मात्र त्यांच्या हाती लागला नव्हता, हे त्यांना कधीच कळलं नाही. कागद गुंडाळून त्या दुपारच्या गाडीनं गेल्या.

मालक माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या माणसांत त्या कडीचा अर्थ तिघांनाच कळला होता. पाहुण्यांसमोर ते काही बोलू शकत नव्हते, समितीचे सभासद होते. शेवटी ते महिपतीला म्हणाले, “लाव तिकडनं,” आणि बाहेर निघून गेले.

हौसाक्का दारामागे उभी होती. महिपती स्क्रू पिळत होता, तेवढा वेळ तिनं दाराची फळी हातानं धरून ठेवली होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मला वाटतं, तिनं बघितलं असतं तर मी मोडून पडले असते, आणि ते तिला ठाऊक होतं.

त्यानंतर बरेच महिने गेले. गावाच्या वेशीवर पाटी लागली. मनीषाचं लग्न झालं, घर चांगलं मिळालं. मालक घरात कमी बोलू लागले. मला वाटलं, संपलं.

मग एका दुपारी कशावरून तरी ठिणगी पडली. भाजीत मीठ कमी-जास्त झालं असेल, नाहीतर आणखी काही. त्यांचा आवाज चढला, ताट भिरकावलं गेलं, ते उठले आणि हात वर गेला.

पलीकडून कडी वाजली.

हात तसाच वर राहिला. दार उघडलं. हौसाक्का आत आली नाही. काही बोललीही नाही. उंबऱ्यावर बसली, मांडीवर सूप घेतलं आणि खाली मान घालून तांदूळ निवडू लागली. ती आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. चुलीत नाक खुपसायचं नाही, हे तिनं पाळलं होतं.

मालकांनी हात खाली घेतला. चप्पल घालून ते शेताकडे गेले.

मी सांडलेली भाजी पुसून काढली, ताट घासलं, चहाचं आधण ठेवलं. हौसाक्का तिथंच बसून होती. तिला सांगावं म्हणून मी पुन्हा पुन्हा तोंड उघडत होते, देवळात जिभेवर काय घेऊन बसले होते ते सांगावं, माफी मागावी. दर वेळी पुन्हा चुलीकडेच वळत होते. शेवटी मी नुसता कप घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले आणि सुपात पाहिलं.

तांदूळ केव्हाचे निवडून झाले होते. एकही खडा उरला नव्हता. तरी ती निवडत होती.